चाळीस बाजूंची मेलिसांद

१९४२ साली पॅरिसमध्ये ज्या कोणी हा संच विकत घेतला असेल, त्याला ऑपेरा ऐकताना निवांत बसायला मिळाले नसणार. वीस तबकड्या, चाळीस बाजू, आणि एका बाजूवर जेमतेम चार मिनिटांचे संगीत. सुई सरकत सरकत लेबलापाशी पोचली की उठायचे, हात उचलायचा, तबकडी पालटायची, झिजलेली पोलादी सुई काढून नवी बसवायची, किल्ली फिरवायची आणि पुन्हा खुर्चीत येऊन टेकायचे. तोवर राजवाड्यातला तो काळोख, ती विहीर, ते दोघे प्रेमिक मनातून पार विरून गेलेले. अडीच तासांच्या ऑपेरात ही उठबस एकोणचाळीस वेळा.

ऑपेराही असा की ज्याला मुळात शिवणच नाही. क्लोद देबूसीच्या ‘पेलेआस ए मेलिसांद’मध्ये तुटक गाणी नाहीत, टाळ्यांसाठी थांबायच्या जागा नाहीत. आपल्या नाट्यसंगीतातले पद कसे उचलून तीन मिनिटांच्या तबकडीवर ठेवता येते. बाकीचे नाटक गळले तरी पद आपल्या पायांवर उभे राहते. इटालियन ऑपेरातल्या गाण्यांचेही तसेच. ‘पेलेआस’मध्ये माणसे बोलतात त्या लयीत गातात आणि त्या बोलण्याखालून ऑर्केस्ट्रा पाण्यासारखा वाहत राहतो. अशा वाहत्या पाण्याचे चाळीस तुकडे करून ते लाखेच्या तबकड्यांवर बसवले गेले. हे १९४१चे ध्वनिमुद्रण म्हणजे या ऑपेराचे पहिले संपूर्ण ध्वनिमुद्रण. जाणकार आजही त्याच्याकडे परत परत येतात. त्याच्यानंतर कितीतरी निर्मळ, दोन कानांत दोन बाजूंनी ऐकू येणारी मुद्रणे झाली. तरी हे जुने, खरखरणारे मागे पडले नाही. त्याची वंशावळ शोधायची तर बेल्जियन नाटककार मॉरिस मातरलिंकच्या नाटकापासून सुरुवात करावी लागते.

ते नाटक १८९३च्या मे महिन्यात पॅरिसच्या रंगमंचावर आले. प्रेक्षकांत तिशीचा देबूसी होता. कथा सांगायला गेले तर चार ओळींची आहे. रानात वाट चुकलेल्या राजपुत्र गोलोला झऱ्याकाठी रडणारी मेलिसांद भेटते, तो तिच्याशी लग्न करतो. राजवाड्यात त्याचा धाकटा सावत्र भाऊ पेलेआस असतो. मग मत्सर, खून आणि मेलिसांदचा मृत्यू. नाटकातली माणसे मात्र मनातले कधी सरळ सांगत नाहीत. देबूसीला नेमके हेच हवे होते. त्याने स्वतंत्र काव्यसंहिता लिहवून न घेता मातरलिंकचे गद्यच काटछाट करून संगीतात बसवले. काम बरीच वर्षे रेंगाळले आणि ३० एप्रिल १९०२ रोजी पॅरिसच्या ऑपेरा-कॉमिकमध्ये आंद्रे मेसाजेच्या संचालनाखाली पहिला प्रयोग झाला.

त्याआधी रामायण घडलेच. मातरलिंकची इच्छा होती की मेलिसांदची भूमिका त्याची सहचरी झॉर्जेत लब्लां हिने करावी. नाट्यगृहाने निवडली अ‍ॅबर्डीनमध्ये जन्मलेली मेरी गार्डन. मातरलिंक संतापून काठी घेऊन देबूसीच्या घरी गेला, असे लब्लांनेच लिहून ठेवले आहे. प्रयोगाच्या पंधरवडाभर आधी त्याने ‘फिगारो’ वृत्तपत्रात जाहीर पत्र छापून आपल्याच नाटकावरचा हा ऑपेरा सपशेल आपटावा अशी इच्छा व्यक्त केली. रंगीत तालमीला प्रेक्षक गार्डनच्या परकी धाटणीच्या फ्रेंच उच्चारांना हसले. मातरलिंकने हा ऑपेरा प्रत्यक्ष पाहिला तो देबूसीच्या मृत्यूनंतर, १९२०मध्ये न्यूयॉर्कला, आणि त्यातही मेलिसांद गार्डनच होती. आपली चूक झाली हे त्याने मान्य केले. ऐकायला देबूसी उरला नव्हता.

तालमींच्या धांदलीतली आणखी एक गोष्ट पुढच्या कथेसाठी महत्त्वाची आहे. ऑपेरा-कॉमिकचा रंगमंच लहान होता, प्रवेश पुष्कळ होते आणि पडदे-नेपथ्य हलवायला कामगारांना वेळ पुरेना. म्हणून देबूसीला घाईघाईने दोन प्रवेशांमधले वादनाचे तुकडे वाढवून द्यावे लागले. आज या ऑपेरातले सर्वांत सुंदर संगीत म्हणून ज्यांची नावे घेतली जातात, ते हेच तुकडे. नेपथ्य ढकलणाऱ्या माणसांच्या सोयीसाठी लिहिलेले हे सांधे इतके अप्रतिम निघाले की पुढे कोणाला ते वगळावेसे वाटले नाहीत.

ध्वनिमुद्रणाची पाळी दोन वर्षांनी आली. १९०४ साली पॅरिसमध्ये ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीसाठी मेरी गार्डन कर्ण्यापुढे उभी राहिली आणि पियानोवर देबूसी बसला. त्याची तीन गीते आणि ‘पेलेआस’मधले एकच छोटे गाणे: मनोऱ्याच्या खिडकीत केस विंचरताना मेलिसांद गुणगुणते ते. विजेचा मायक्रोफोन यायला अजून वीस वर्षे होती. आवाज दुरून, बंद खोलीतून आल्यासारखा येतो. पियानो तर पातेल्यावर चमचा आपटल्यासारखा वाटतो. पहिल्यांदा ऐकणारा हमखास निराश होतो.

मग बराच काळ उताऱ्यांवर भागवावे लागले. विद्युत ध्वनिमुद्रण आल्यावर १९२७मध्ये पिएरो कॉप्पोलाने काही प्रवेश मुद्रित केले, त्यात पेलेआस होता शार्ल पांझेरा. पाठोपाठ कोलंबिया कंपनीसाठी झॉर्ज त्र्युकने आणखी काही केले. त्यात गोलोच्या भूमिकेत एक्तोर द्युफ्रान आहे, १९०२च्या पहिल्या प्रयोगातला तोच गोलो. पंचवीस वर्षे एकच भूमिका अंगावर वागवलेल्या माणसाचा आवाज ऐकायचा असेल तर या तबकड्या शोधाव्यात.

आता १९४१. जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरून वर्ष होत आलेले. अशा वेळी पाथे-मार्कोनी कंपनीने ‘पेलेआस’ सबंध मुद्रित करायला घेतला. एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत, थांबत थांबत, काँझर्व्हातोआरच्या जुन्या सभागृहात हे काम चालले. देबूसी स्वतःच्या नावाखाली ‘फ्रेंच संगीतकार’ असे लिहीत असे. पराभूत देशाला असा माणूस हवाच होता. जर्मनांशी जुळवून घेणाऱ्या व्हिशी सरकारची तळी उचलणाऱ्यांना तो हवा होता आणि त्या सरकारविरुद्ध आतून लढणाऱ्यांनाही. या तबकड्यांवर दोन्ही बाजूंनी हक्क सांगता आला असता. संचालकाच्या व्यासपीठावर कोण उभा होता हे पाहिले की माझ्यापुरता हा वाद संपतो.

रॉजे देझोर्मिएर. दियागिलेव्हच्या रशियन बॅलेत तयार झालेला. नव्या संगीताच्या बाजूने सतत उभा राहणारा, आणि त्याच वर्षी एल्सा बारेन व लुई द्युरे यांच्याबरोबर संगीतकारांची भूमिगत प्रतिकार-संघटना उभी करणारा. त्याचा मित्र, ज्यू संगीतकार दारियुस मियो, अमेरिकेला निघून गेला होता. मागे राहिलेली त्याची चित्रे आणि सामान देझोर्मिएरने सांभाळले, घराचे भाडे भरले. पेलेआस झाला जाक जान्सेन, मेलिसांद झाली इरेन योआखिम. ज्याच्यासाठी ब्राम्सने आपला व्हायोलिन कंचेर्तो लिहिला त्या योझेफ योआखिमची ही नात. आजोबा जन्माने ज्यू, वडील जर्मन, आई फ्रेंच व्हायोलिनवादक. ते आडनाव घेऊन जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये फ्रेंच ऑपेराची नायिका होणे ही साधी गोष्ट नव्हती. तीही प्रतिकारातल्या संगीतकारांत सामील होती.

इथे आपल्याकडचा शब्द वापरायचा मोह मला आवरत नाही: घराणे. इरेन योआखिमने मेलिसांदची भूमिका मेरी गार्डनकडून समजून घेतली होती. त्याच गार्डनकडून, जिच्या शेजारी बसून देबूसीने पियानो वाजवला होता. जाक जान्सेन हा शार्ल पांझेराचा शिष्य, म्हणजे १९२७च्या तबकडीवरच्या पेलेआसचा. कागदावरच्या स्वरलिपीत जे उतरत नाही, कुठल्या शब्दावर किंचित रेंगाळायचे, कुठला शब्द टाकून द्यायचा, ते तोंडातून कानात असे इथवर आले होते. बाकीची मंडळीही अशीच: गोलोच्या भूमिकेत आंरी एचेव्हेरी, म्हाताऱ्या राजाच्या भूमिकेत पॉल काबानेल, दोघा भावांच्या आईच्या भूमिकेत जर्मेन सेर्ने (पुढे दोनच वर्षांत ती वारली), आणि गोलोचा लहानगा मुलगा इनिओल म्हणून अल्जीरियात जन्मलेली लैला बेन सेदिरा. सगळ्यांची फ्रेंच एकाच विहिरीच्या पाण्यासारखी. देशोदेशीचे नामवंत विमानाने आणून एका स्टुडिओत गोळा करायचे दिवस अजून यायचे होते.

मुद्रणाची रीत आज कोणाला सांगितली तर खरी वाटणार नाही. जाड मेणाच्या गुळगुळीत तबकडीवर सुई थेट खाच कोरत जाई. मध्ये चूक झाली तर दुरुस्ती नाही; ती चार मिनिटे पुन्हा पहिल्यापासून. झालेले ऐकून पाहायचे म्हटले तर मेणावर सुई फिरवताच खाच बिघडायची, म्हणजे ऐकले की ते मेण गेलेच. कारखान्यात त्या मेणावर धातूचा मुलामा चढवून उलटा ठसा काढत. त्या धंद्यातली माणसे या पहिल्या ठशाला बाप म्हणत, त्याच्यावरून काढलेल्या सुलट ठशाला आई, आणि आईवरून पुन्हा उलटा काढला की तो तबकड्या छापायचा साचा. बाजारातली प्रत्येक तबकडी म्हणजे मेणाची खापरपणती. वंशावळ हा शब्द इथे मी अलंकार म्हणून वापरलेला नाही.

या कुटुंबात आपलीही एक दूरची नातेवाईक आहे: लाख. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर बारीक किडे जी राळ सोडतात ती. जगाला ती मुख्यतः हिंदुस्थान पुरवत असे, विशेषतः छोटा नागपूरचा मुलूख. विदर्भात गोंदिया-गडचिरोलीकडेही लाख निघते. पांडवांना जाळायला जिचे घर बांधले तीच लाख. दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून तिची तबकडी होई. ती भुकटी मुद्दाम घातलेली असे. पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांत घासून खाचेच्या आकाराची व्हावी, एवढ्यासाठी. जुन्या तबकडीची खरखर म्हणून जी आपण ओळखतो ती बरीचशी या भुकटीची. महायुद्धाने सागरी वाहतूक विस्कटली आणि लाख दुर्मीळ झाली. एप्रिल १९४२मध्ये अमेरिकेत तबकड्यांसाठी लाख वापरण्यात एकदम सत्तर टक्के कपात झाली. अशा काळात वीस तबकड्यांचा एक ऑपेरा काढणे ही चैनच म्हणायची.

युद्ध संपले, दीर्घवादन तबकडी आली. तिच्यावर एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटे मावत. चाळीस तुकडे पहिल्यांदा एकमेकांना जोडले गेले आणि मला ज्याचे खरोखर नवल वाटते ती गोष्ट घडली. देझोर्मिएरचा ‘पेलेआस’ तोवर सलग असा कोणी ऐकलाच नव्हता. गाणाऱ्यांनी तो तुकड्यांत गायला होता, काही तुकड्यांमध्ये महिन्यांचे अंतर होते. विकत घेणाऱ्याने तो तुकड्यांत ऐकला होता. नाट्यगृहातला प्रयोग सलग होत होता, पण हे मुद्रण सलग झाले ते जन्मल्यावर दहाएक वर्षांनी. म्हणून अशा कामाला ‘जीर्णोद्धार’ म्हणताना मी अडखळतो. देऊळ पडले की जीर्णोद्धार करतात. हे देऊळ मुळात चिरे सुटे ठेवूनच सोडलेले होते.

जोडकाम वाटते तितके सोपे नाही. तबकडी एकाच वेगाने फिरते, पण कडेची खाच सुईखालून सेकंदाला सुमारे १२० सेंटिमीटर धावते आणि लेबलाजवळची त्याच्या निम्म्याहूनही कमी. त्यामुळे प्रत्येक बाजूच्या शेवटाकडे वरचे स्वर मंदावत जातात, आवाजावर जणू घोंगडी पडते. लगेच पुढच्या बाजूची लखलखीत सुरुवात जोडली की खिडकी धाडकन उघडल्यासारखे होते, दर चार मिनिटांनी. चांगला जोडारी प्रत्येक बाजूच्या उत्तरार्धात हळूहळू उजेड वाढवत नेतो. प्रत्येक बाजूची पट्टीही तपासावी लागते. यंत्राचा वेग किंचित इकडेतिकडे झाला की स्वर सरकतो, आणि एक वाक्य एका पट्टीत व पुढचे दुसऱ्या पट्टीत होऊन बसते. सुईही वेगवेगळ्या जाडीच्या लागतात. टोक जरा छाटलेली सुई घेतली तर जुन्या पोलादी सुयांनी न घासलेल्या खाचेच्या भिंतीवर ती टेकते आणि तिथे आवाज अजून ताजा सापडतो.

सर्वांत मोठा मोह खरखर काढून टाकायचा. संगणक आल्यापासून तर तो फार सोपा झाला. पण खरखर जिथे राहते त्याच वरच्या पट्ट्यात फ्रेंच भाषेचे स, श, फ राहतात. ती धुऊन काढली की व्यंजनांच्या कडा जातात आणि सगळी माणसे तोंडात रुमाल धरून गाताहेत असे वाटते. दुसऱ्या एखाद्या ऑपेरात हे खपून जाईल. ‘पेलेआस’मध्ये शब्द गेला की उरतेच काय? अतिस्वच्छ केलेल्या प्रतीपेक्षा मला थोडी खरखर ठेवलेली प्रत कधीही चालेल. पावसाची रिपरिप ऐकत माजघरात चाललेले बोलणे आपण ऐकतोच की. कान दहा मिनिटांत पाऊस वेगळा काढतो.

अशा चांगल्या प्रतीत कानावर काय पडते? पहिल्याच मिनिटांत जाणवतो तो देझोर्मिएरचा वेग. देबूसी म्हणजे धुके, असा एक समज पुढे रूढ झाला. कारायानच्या १९७८च्या मुद्रणात ते धुके अत्यंत देखणे आहे, पण त्यात माणसे हरवतात. देझोर्मिएरकडे धुके नाही. हवा थंड आणि स्वच्छ आहे, प्रत्येक वाद्य आपापल्या जागी दिसते आणि गोष्ट पुढे सरकते. मेलिसांद म्हणून इरेन योआखिम काहीही ‘करत’ नाही. लाडीक होत नाही, गूढ होत नाही. अंगठी कुठे गेली हे नवऱ्याला खोटे सांगताना तिचा आवाज इतका साधा राहतो की ऐकणाऱ्यालाच अपराधी वाटते. जान्सेनचा पेलेआस वीस-बावीस वर्षांचा मुलगाच वाटतो. पुढे १९५६मध्ये संचालक क्लुइतांसबरोबर त्याने हीच भूमिका पुन्हा मुद्रित केली. ती जास्त घोटलेली आहे आणि म्हणूनच मला कमी आवडते.

खरा धक्का एचेव्हेरीच्या गोलोचा. मत्सराने आंधळा झालेला बाप आपल्या पोराला खांद्यावर उचलून खिडकीतून आत काय चालले आहे ते पाहायला लावतो, तो प्रवेश. मूल घाबरलेले, बाप एकदा दरडावतो, एकदा गोंजारतो, आणि त्या गोंजारण्यातच जास्त दहशत आहे. मला फ्रेंच कामापुरते येते, संहिता समोर धरूनच मी ऐकतो. या प्रवेशात मात्र नजर पानावर ठरत नाही. आणि शेवटी प्रेमाची कबुली. इतका मोठा ऑर्केस्ट्रा, पण त्या क्षणी देबूसी तो पूर्ण थांबवतो. दोघे एकेक वाक्य जवळजवळ कुजबुजतात. वाद्ये नाहीत, मागे फक्त तबकडीची घसघस. १९४१मध्ये त्या सभागृहात नसलेला एकच आवाज या मुद्रणात आहे, आणि तो नेमका या शांततेत सर्वांत मोठा ऐकू येतो. कोणी यंत्राने तो तिथून पुसला तर सभागृहातला श्वासही जातो.

देझोर्मिएर, योआखिम आणि जान्सेन १९४९मध्ये ऑपेरा-कॉमिकच्या चमूबरोबर लंडनच्या कॉव्हेंट गार्डनला जाऊन हाच ऑपेरा करून आले. १९५२मध्ये देझोर्मिएरला पक्षाघाताचा झटका आला. वाचा गेली, संचालन कायमचे थांबले. पुढे अकरा वर्षे तो जगला, पण हातात छडी पुन्हा आली नाही. म्हणून हा ‘पेलेआस’ त्याच्या नावावरचे सर्वांत मोठे काम ठरले. जान्सेन आणि योआखिम मात्र दीर्घायुषी निघाले. ती २००१मध्ये गेली, तो पुढच्या वर्षी. आपले चाळीस तुकडे एक झालेले दोघांनाही ऐकता आले.

सीडीचे युग आल्यावर ईएमआयने हे मुद्रण तीन तबकड्यांच्या संचात काढले. ऑपेरा संपल्यावर उरलेल्या जागेत देबूसीची गीते घातली. मॅगी टेटने गायलेली, कॉर्तो पियानोवर. या टेटला १९०८मध्ये मेलिसांदसाठी खुद्द देबूसीने तयार केले होते. आणि सर्वांत शेवटी १९०४च्या त्या चार बाजू. संच हाती लागला तर त्या आधी ऐकू नका. आधी सबंध ऑपेरा ऐका, तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला मनोऱ्यातले ते गाणे इरेन योआखिमच्या आवाजात कानात मुरू द्या, आणि मग तेच गाणे मेरी गार्डनच्या तोंडून ऐका. पातेल्यावर आपटणारा तो चमचा देबूसीच्या हातात आहे.